डोया, डोळा, आँख

चांदूर रेल्वे या नावातच दोन भाषा शेजारीशेजारी उभ्या आहेत. अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन, एक बाजाराचं आणि एक रेल्वेचं. भुसावळहून नागपूरला जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये सुरू झाला. त्या मार्गावरच्या चांदुराला ओळखीसाठी 'रेल्वे' हा शब्द चिकटला, आणि आज तो इंग्रजीतून आलाय हे गावात कुणाच्या मनातही येत नाही. फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर गावाचं नाव तीन ओळींत असतं: मराठी, हिंदी आणि इंग्रजी. त्यातल्या दोन ओळी एकाच लिपीत आहेत, त्यामुळे त्या दोन वेगळ्या भाषांच्या आहेत हे येणाराजाणारा विसरून जातो.

गावातल्या कुठल्याही किराणा दुकानात अर्धा तास उभं राहून नुसतं ऐकावं. "काकू, साखर किती देऊ जी?" ही झाली वऱ्हाडी. माल घेऊन आलेल्या ट्रकवाल्याला तोच दुकानदार म्हणतो, "भैया, माल पीछे उतारो, अपन बाद में गिनते." तेवढ्यात बँकेतून फोन येतो आणि आवाज बदलतो: "हो साहेब, कागदपत्रं उद्या आणून देतो." फोन ठेवताठेवता शाळेतून आलेल्या मुलाला, "हातपाय धू, मंग जेव." पाच मिनिटांत तीन भाषा झाल्या. त्याला विचारा, तुम्हाला किती भाषा येतात? तो म्हणेल, मराठी येते, हिंदी समजते. वऱ्हाडी तो मोजतच नाही.

मला ती मोजायची आहे. एका माणसाच्या डोक्यात या भाषा राहतात कशा, एकमेकींना जागा देतात कशा, हे समजलं की शाळेत नवी भाषा कुठून सुरू करायची तेही समजतं.

पहिलं काम कानाचं असतं. तान्ह्या मुलाचा कान जगातल्या जवळजवळ सगळ्या भाषांचे आवाज वेगळे ओळखतो. कॅनडातल्या जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी घेतलेल्या आवाजांपैकी दोन आपल्या ओळखीचे आहेत, हिंदीतले 'त' आणि 'ट'. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हा फरक ओळखता येत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी बहुतेकांना तो ओळखता आला नाही. त्यांच्या घरच्या भाषेत या फरकाला काम नव्हतं, म्हणून कानानं तो सोडून दिला. भाषा शिकण्याची सुरुवात अशी सोडण्यापासून होते. जे घरात कामाला येतं ते पक्कं होत जातं, बाकीचं मागे पडतं.

हाच नियम चांदूरच्या पाळण्यापाशी लावून बघा. वऱ्हाडीत 'ळ'च्या जागी 'य' येतो. डोळा डोया होतो, काळा काया, शाळा शाया, केळं केयं, आणि पळणारा पयतो. 'ण'ची जागा 'न' घेतो: पानी, लोनी, कोन. आजीच्या मांडीवर वाढणाऱ्या मुलाच्या कानावर 'ळ' आलाच तर टीव्हीतून, नाहीतर एखाद्या शिकलेल्या मामाकडून. त्याच्यासाठी माळ आणि माय यांचा आवाज एकच आहे. "फुलायची माय" आणि "पोराची माय" यांत त्याची गफलत कधी होत नाही, कारण शेजारचे शब्द अर्थ सांगून टाकतात. भाषा एकेका अक्षरावर चालत नाही, साऱ्या वाक्यावर चालते.

हा 'ळ' वऱ्हाडच्या मातीत कधी नव्हताच असंही नाही. याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं. मराठीच्या आद्य गद्य ग्रंथाच्या नावातच 'ळ' आहे. आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे आणि त्याच्या आसपासच्या गावांत 'ळ'चा 'य' झालेला आहे. आवाज बदलत जातात, सगळ्या भाषांत बदलतात. त्यात कुणाचा आळस नसतो.

मी चौथीत असताना मला मोठ्यानं धडा वाचायला उभं केलं होतं. 'काळोख' हा शब्द मी 'कायोख' असा वाचला. वर्ग हसला, गुरुजींनीही हसू दाबलं नाही. त्यानंतर वर्षभर मी वर्गात मोठ्यानं वाचलं नाही. शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता, आवाज तेवढा शिकवलेला नव्हता. म्हणून हा आवाज कसा शिकवता येतो, ते इथे सावकाश सांगतो.

'ल' म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे, हिरडीला टेकतं. 'ळ' म्हणताना तेच टोक मागे वळतं, टाळूच्या घुमटाला लागतं आणि झटक्यानं पुढे सुटतं. 'य' म्हणताना टोक कुठंच टेकत नाही, जिभेचा मधला भाग फक्त वर उचलला जातो. मुलाला हे तीन आवाज एकामागून एक करायला लावले आणि जीभ कुठे गेली ते विचारलं, तर दोन-चार दिवसांत त्याला ते सांगता येतं. पण जिभेच्याही आधी कान. शिक्षकानं तोंडासमोर वही धरावी आणि 'गाय' किंवा 'गाळ' म्हणावं. मुलानं समोरच्या दोन चित्रांपैकी बरोबर चित्रावर बोट ठेवावं. कानाला फरक पक्का कळला की जिभेला तो सापडतो, आणि जिभेला सापडला की मग हातानं लिहिणं सोपं जातं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. आधी शुद्धलेखन, तेही लाल शाईनं.

लाल शाईनं आणखी एक घोळ होतो. 'शाया' चूक, 'डोया' चूक, 'पानी' चूक एवढंच ऐकलेलं मूल असा समज करून घेतं की 'य' आणि 'न' हे आवाजच गावंढळ आहेत. मग ते 'पाय'लाही 'पाळ' म्हणू लागतं आणि 'मन'ला 'मण'. भाषाशास्त्रात याला अतिशुद्धीकरण म्हणतात. ते हसण्यावारी नेऊ नये. मुलानं नियम शोधलाय, फक्त तो कुठवर लागू आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. 'डोया' हे घरचं आणि 'डोळा' हे पुस्तकातलं, दोन्ही खरी, आपापल्या जागी, असं म्हटलं असतं तर हा गोंधळ झालाच नसता.

आवाजानंतर वाक्याचा साचा येतो, आणि इथे वऱ्हाडी माणसाची श्रीमंती दिसते. प्रमाण मराठीत "तू काय करतो आहेस?" असं विचारतात. चांदुरात विचारतात, "काय करून रायला?" हिंदीचं "क्या कर रहा है" शेजारी ठेवा. 'रायला' आणि 'रहा' यांचं काम एकच आहे, एक 'राहणे'पासून निघालेलं, दुसरं 'रहना'पासून. वऱ्हाडी मूल हिंदीचा हा साचा घरातूनच घेऊन बाहेर पडतं, त्याला फक्त शब्द बदलायचे असतात.

आणखी एक साचा पाहण्यासारखा आहे. "ये" म्हणजे आत्ता ये. "येजो" म्हणजे नंतर, उद्या, सवडीनं ये. "सांगजो", "जाजो", "पाहजो". आज्ञेतला आत्ताचा आणि नंतरचा हा फरक प्रमाण मराठी क्रियापदाच्या रूपात दाखवत नाही, त्यासाठी 'नंतर' असा वेगळा शब्द जोडावा लागतो. गुजरातीत मात्र निरोप घेताना "आवजो" म्हणतात, तेच 'जो'. हिंदीतही "आओ" आणि "आना" यांत असाच फरक आहे. ज्या बोलीला अशुद्ध म्हटलं जातं तिच्याजवळ एक जास्तीची सोय आहे, हे मुलांना वर्गात कधी सांगितलं जात नाही.

देवघेव उलट्या दिशेनंही झाली आहे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. 'आपण'मध्ये समोरचा माणूस धरलेला असतो, 'आम्ही'त नसतो. पुस्तकी हिंदीत दोन्हींसाठी 'हम' एकच. पण वऱ्हाडातली आणि नागपूरकडची हिंदी ऐका: "अपन चलते", "अपन बाद में गिनते". हा फरक मराठीशेजारी राहूनराहून इथल्या हिंदीत रुजला. तसंच "वो आएगा करके बोला" मधलं 'करके'. त्यामागे मराठीचं 'म्हणून' उभं आहे.

या घडामोडीचा नीट अभ्यास झाला तो आपल्याच राज्यात, सांगली जिल्ह्यात. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये एका गावाविषयी लिहिलं, त्या गावाचं नाव त्यांनी कुपवार असं छापलं आहे. तिथे कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी होती, थोडी तेलुगूही होती. घरात प्रत्येकानं आपली भाषा सांभाळली आणि बाहेर दुसऱ्याची बोलली. होताहोता शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण वाक्याचे साचे इतके जवळ आले की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येऊ लागलं. तिथल्या उर्दूतही 'हम' आणि 'अपन' वेगळे झाले होते. वऱ्हाडातही हेच काम चालू आहे, आणि त्याला इतिहासाचं पाठबळ आहे. १८५३ पर्यंत हा मुलूख निजामाच्या कारभारात होता. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मराठी-हिंदी राज्यात राहिला. तहसील कचेरीत गेलात तर अर्ज, नक्कल, दाखला, कब्जा, वारस, तारीख हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेले मिळतील. कुणबी शेतकरी ते जन्मापासून आपले म्हणून वापरतो.

आता डोक्यातल्या अदलाबदलीकडे येतो. आपल्याला वाटतं की हिंदी बोलताना मराठी कुठेतरी झोपलेली असते. तसं नसतं. दोन भाषा येणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही जाग्या असतात, आणि एक बोलताना दुसरीला आवरून धरावं लागतं. रेनाटा म्यूटर आणि ॲलन ऑलपोर्ट यांनी १९९९ मध्ये एक साधा प्रयोग छापला. दोन भाषा जाणणाऱ्यांनी आकडे वाचायचे, कधी या भाषेत, कधी त्या. भाषा बदलली की क्षणाचा काही भाग उशीर व्हायचा, हे अपेक्षितच होतं. पण कच्च्या भाषेतून पक्क्या भाषेत परतताना उशीर जास्त व्हायचा. कारण असं सांगितलं जातं की कच्ची भाषा बोलायची तर पक्कीला फार जोरानं दाबावं लागतं, आणि दाबलेली लगेच वर येत नाही. नागपूरला तासभर इंग्रजीत मुलाखत देऊन आलेला मुलगा घरी फोन लावतो तेव्हा पहिल्या वाक्याला अडखळतो. त्याला शिष्टपणा म्हणू नये, डोकं अजून सुटतंय.

प्रत्येक भाषा सगळ्या कामांसाठी सारखीच येईल असंही नसतं. फ्रान्स्वा ग्रोजाँ या अभ्यासकानं हे फार चांगलं मांडलं आहे: माणूस वेगवेगळ्या भाषा वेगवेगळ्या माणसांशी, वेगवेगळ्या कामांसाठी वापरतो, म्हणून प्रत्येकीत त्याचा शब्दसाठा वेगळा असतो. पऱ्हाटीबद्दल, वखराबद्दल, सरकीबद्दल बोलायला वऱ्हाडीसारखी भाषा नाही. कर्जाच्या कागदाबद्दल बोलायला प्रमाण मराठी लागते. मोबाईल बिघडला की हिंदी-इंग्रजी. प्रत्येक भाषेत सगळंच यायला हवं हा हट्ट धरला, तर कुणालाच एकही भाषा येत नाही असं म्हणावं लागेल.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण चांदूरच्या शेजारीच आहे. तुकडोजी महाराज १९०९ साली यावलीला जन्मले, मोझरीला १९३५ मध्ये त्यांनी गुरुकुंज आश्रम उभा केला. खेड्यातल्या माणसाला गाव कसं नांदवावं हे सांगायचं होतं, तेव्हा त्यांनी ग्रामगीता मराठी ओव्यांत लिहिली. देशभर फिरून खंजिरीवर भजनं गायची होती, तेव्हा त्यांनी हिंदीत भजनं रचली. दोन्ही भाषांत त्यांचं मन सारखंच मोकळं होतं. ऐकणारा कोण आहे, हे पाहून त्यांनी भाषा घेतली. दुसरं उदाहरण सुरेश भटांचं, जन्म अमरावतीचा, १९३२. उर्दू गझलेचा साचा त्यांनी कानात आणि जिभेवर मुरवला आणि मराठीत असा उतरवला की नंतरच्या पिढीला तो मराठीचाच वाटला. रदीफ आणि काफिया हे गझलेतले शब्द आज मराठीत गझल लिहिणारे सहज वापरतात. दुसरी भाषा मनापासून शिकलेला माणूस आपल्या भाषेत काय आणू शकतो, ते इथे दिसतं.

इथवर मी मराठी घरातल्या मुलांबद्दल बोललो. तांड्यावरच्या मुलापुढची चढण जास्त आहे. बंजारा घरात गोरमाटी बोलतात, आईला 'याडी' म्हणतात. ही भाषा राजस्थानी घराण्यातली आहे, तिच्यात 'ळ' आहे, म्हणून वऱ्हाडी मुलाला जड जाणारा हा आवाज तांड्यावरच्या मुलाला सोपा असतो. ही गोष्ट वर्गात उपयोगी पडू शकते, त्यालाच उच्चार करून दाखवायला सांगता येतं. मेळघाटातल्या कोरकू मुलाची परिस्थिती आणखी वेगळी. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, तिची नाती संथाळी आणि मुंडारीशी. त्या मुलाला मराठीचे शब्दही नवे आणि साचेही नवे. तो गप्प बसला तर त्याला काही येत नाही असं समजलं जातं. खरं तर त्याला एक पूर्ण भाषा येते, समोरच्या शिक्षकाला ती येत नाही.

कॅनडातल्याच जिम कमिन्स यांनी याबाबत जे सांगितलं ते मला पटतं. भाषा वरून वेगळ्या दिसतात, खाली त्यांचा पाया एक असतो. गोष्ट क्रमानं सांगणं, कारण देणं, वाचलेल्याचा अर्थ लावणं ही कौशल्यं एका भाषेत आली की दुसऱ्या भाषेत पुन्हा शून्यापासून शिकावी लागत नाहीत. म्हणून पहिली भाषा भक्कम असणं हीच दुसरीची तयारी असते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीत इंग्रजी आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचाही निर्णय निघाला आणि विरोधानंतर जूनअखेर तो मागे घेतला गेला. त्या वादात वऱ्हाडातल्या मुलाची बाजू फारशी ऐकू आली नाही. त्याला हिंदी बाजारात, स्टेशनवर, टीव्हीवर मिळतेच. सहाव्या वर्षी त्याला हवी असते ती घरच्या बोलीतून पुस्तकातल्या मराठीकडे नेणारी पायरी, आणि त्यासाठी अजून एका पुस्तकाची गरज नसते. फळ्याच्या मधोमध एक रेघ पुरते. डावीकडे 'मले', उजवीकडे 'मला'. डावीकडे 'काहून', उजवीकडे 'का'. मुलंच शब्द सांगतात आणि शिक्षक लिहीत जातो.

आईवडिलांना एक सांगतो. इंग्रजी शाळेत घातलं म्हणून घरी मोडकंतोडकं इंग्रजी बोलू नका. ज्या भाषेत तुम्हाला गोष्ट रंगवता येते, रागावता येतं, समजूत घालता येते, त्याच भाषेत मुलाशी बोला. दोन वर्षांचं मूल एका वाक्यात दोन भाषांचे शब्द घालतं तेव्हा ते गोंधळलेलं नसतं, हाताशी आलेला शब्द वापरत असतं. पुढे कुणाशी कुठली भाषा, हे ते आपोआप उमजून घेतं.

मोठेपणी नवी भाषा शिकणाऱ्यानं शब्दांच्या याद्या पाठ करू नयेत. बाहेरच्या राज्यातून इथल्या रेल्वेत आलेला कर्मचारी असो की मेळघाटात धारणीला बदली झालेली शिक्षिका, आधी दहा साचे घ्यावेत. "मले चहा पायजे." 'चहा'च्या जागी 'पानी', 'तिकीट', 'रजा'. एका साच्यात पन्नास शब्द बसतात. आज शिकलेलं उद्या म्हणावं, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी. विसरण्याच्या बेताला आलेलं आठवून काढलं की ते टिकतं. हर्मान एबिंगहाउस यांनी विसरण्याचं मोजमाप १८८५ मध्येच छापलं होतं. शिवाय गावात एक माणूस असा धरावा ज्याच्याशी फक्त तीच भाषा बोलायची. कुणी हसलं तरी बोलत राहावं.

२०११ च्या जनगणनेत मातृभाषा विचारली होती आणि तिच्याशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषा. त्यात देशातले साधारण २६ टक्के लोक दोन भाषा जाणणारे निघाले आणि ७ टक्के तीन. गोरमाटी बोलणाऱ्यांनी बंजारी किंवा लमाणी सांगितलं, ते वर्गीकरणात हिंदीखाली गेलं. घरी वऱ्हाडी बोलणारे तर 'मराठी' सांगून मोकळे होतात. पुढच्या गणतीचा माणूस दारात येईल आणि हा प्रश्न विचारील, तेव्हा घाई करू नका. घरात बोलता ती भाषा तिच्या नावानं सांगा, आणि येणाऱ्या बाकीच्या भाषाही सांगा, कच्च्या असल्या तरी.